पेशीत नेमकं कुठे बिघडतं? कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात पदवीच्या मुलांना पेशीजीवशास्त्र शिकवते. वर्गाबाहेर प्रश्न विचारतात ते मुलांचे आईवडील, शेजारीपाजारी, महिला मंडळातल्या बायका, तालमीतली पोरं आणि सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीतून रिपोर्टची पिशवी घेऊन सरळ घरी येणारे नातेवाईक. आजाराला आपण अवयवाचं नाव देतो: किडनीचा, मेंदूचा, तोंडाचा. पण गेल्या चाळीसेक वर्षांच्या संशोधनात पुन:पुन्हा दिसलंय ते असं, की बिघाड पेशीतल्या एका ठरावीक टप्प्यावर सुरू होतो आणि नवी चांगली औषधं बहुतेकदा त्याच टप्प्यावर नेम धरतात. म्हणून खालच्या उत्तरांत मी 'पेशीत नेमकं कुठे?' हेच शोधत गेले आहे. गोळ्या सुरू करणं, बंद करणं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

पेशीत बिघाड होतो म्हणजे नेमकं काय होतं?

माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात. त्यातल्या पाचातल्या चारांहून जास्त एकट्या तांबड्या रक्तपेशी. पेशीची बहुतेक कामं प्रथिनं करतात. जनुकातली माहिती वाचून प्रथिन तयार होतं, त्याची ठरावीक घडी बसते, मग ते पेशीत जिथे लागतं तिथे पोचतं, आणि काम संपलं की मोडून टाकलं जातं. बिघाड यातल्या कुठल्याही मुक्कामावर होऊ शकतो.

मला यासाठी सिस्टिक फायब्रोसिसचं उदाहरण सगळ्यात मोलाचं वाटतं. या आजाराचं जनुक १९८९ मध्ये सापडलं. त्यापासून बनणारं प्रथिन पेशीच्या पटलावर बसून क्लोराइड आतबाहेर सोडतं. १४८० अमिनो आम्लांच्या या साखळीतलं ५०८ वं एकच अमिनो आम्ल बहुसंख्य रुग्णांत गहाळ असतं. तेवढ्यानं घडी जराशी चुकते. हे प्रथिन पटलापर्यंत पोचलं असतं तर थोडंफार काम करू शकलं असतं, पण आंतर्द्रव्यजालिकेतली (प्रथिनांची घडी बसते त्या पेशीतल्या जाळ्यातली) तपासणी त्याला पुढे सोडत नाही. गावातल्या दूध संस्थेत फॅट थोडी कमी लागली म्हणून अख्खी किटली परत पाठवावी, तसा हा प्रकार. नाकारलेलं प्रथिन मोडून टाकलं जातं, पटल रिकामं राहतं, फुप्फुसातला कफ घट्ट होतो, स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात आणि घाम खारट होतो.

अडचण कुठे आहे हे कळल्यावर औषधाची दिशाच बदलली. पूर्वी कफ पातळ करायचा आणि जंतुसंसर्ग झाला की अँटिबायोटिक द्यायचं, एवढंच हातात होतं. २०१२ मध्ये आलेलं आयव्हाकाफ्टर पटलावर पोचलेलं पण नीट न उघडणारं प्रथिन उघडं ठेवतं. २०१९ च्या तीन औषधांच्या गोळीतले दोन घटक घडी सावरून प्रथिनाला पटलापर्यंत पोचवतात आणि तिसरा ते उघडं ठेवतो. वर्षातून चार वेळा हॉस्पिटलात पडून राहणारी मुलं या गोळीनं कॉलेजात जायला लागली. तिची किंमत फार मोठी आहे आणि ती सगळ्यांच्या आवाक्यात आलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे हा आजार कमी आढळतो, पण असतो. बाळाला सारखा न्यूमोनिया होतोय, वजन वाढत नाही, आणि पापा घेतला की ओठाला खारट लागतं, असं असेल तर बालरोगतज्ज्ञांना घामातल्या क्लोराइडच्या तपासणीबद्दल विचारा.

साखर कवाच सोडली, आता गूळच खातो. चालतंय न्हवं?

दादा, नाही चालत. आपल्या गुळावर माझंही प्रेम आहे, पण गुळाचा मोठा भाग सुक्रोज असतो आणि साखर म्हणजेही सुक्रोजच. लहान आतड्याच्या पेशींवरचं सुक्रेज नावाचं विकर दोन्हींचे सारखेच तुकडे करतं: ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ते ग्लुकोज गुऱ्हाळातून आलं की कारखान्यातून, याची रक्तात काही खूण राहत नाही. गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात, एवढ्यानं मधुमेहात तो साखरेच्या जागी बसत नाही.

त्यापेक्षा स्नायूच्या पेशीत काय होतं ते समजून घ्या, ते जास्त उपयोगी आहे. ग्लुकोज आत घेणारं ग्लुट-४ हे वाहक प्रथिन एरवी पेशीच्या आतच छोट्या पुटिकांमध्ये, म्हणजे पटलाच्या पिशव्यांमध्ये, साठवलेलं असतं. इन्सुलिन पेशीला बाहेरून चिकटलं की आत संदेशांची साखळी सुरू होते, पुटिका पटलाकडे सरकतात, पटलात मिसळतात आणि ग्लुट-४ वर येतं. पुटिका योग्य जागी कशा पोचतात आणि कशा मिसळतात हे उलगडणाऱ्या रॉथमन, शेकमन आणि सुडॉफ या तिघांना २०१३ चं नोबेल मिळालं. टाइप-२ मधुमेहात इन्सुलिन असतं, पण हा संदेश क्षीण होतो आणि पुटिका पुरेशा वर येत नाहीत.

आता कामाची गोष्ट. स्नायू आकुंचन पावला की तो ग्लुट-४ दुसऱ्याच मार्गानं वर आणतो, आणि इन्सुलिनचा संदेश क्षीण झालेल्या माणसातही हा मार्ग चालू असतो. म्हणून जेवणानंतर रंकाळ्यावर पंधरा-वीस मिनिटं चाललात तर साखर खरोखर उतरते. इन्सुलिनची सुई घेणाऱ्यांनी मात्र चालण्याआधी साखर फार खाली जाणार नाही ना, हे डॉक्टरांशी बोलून ठेवावं.

एचबीएवनसी तपासणी तीन महिन्यांची सरासरी कशी काय सांगते?

तांबडी रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला रक्तातलं ग्लुकोज हळूहळू चिकटत राहतं. एचबीएवनसी म्हणजे असं साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन किती टक्के आहे, ते. तपासणीच्या आदल्या दिवशी जेवण सोडून हा आकडा फसवता येत नाही. पण पेशीचं आयुष्यच बदललं तर आकडा चुकतो. रक्तपेशी लवकर फुटत असतील तर तो खोटा कमी येतो, आणि लोहाच्या कमतरतेच्या अॅनिमियात खोटा जास्त येऊ शकतो. आपल्या बायकांमध्ये अॅनिमिया इतका आहे, की घरच्या ग्लुकोमीटरवरचे आकडे आणि एचबीएवनसी जुळत नसतील तर हिमोग्लोबिन तपासायला जरूर सांगा.

नव्या पेशी घालून मधुमेह बरा होतो असं ऐकलं. खरं का?

टाइप-१ मधुमेहात, आणि तोही अजून चाचणीत. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते. मूलपेशींपासून (स्टेम सेलपासून) प्रयोगशाळेत वाढवलेल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी यकृताच्या रक्तवाहिनीत सोडल्याची चाचणी जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. पूर्ण डोस मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षभरानंतर इन्सुलिनची सुई लागत नव्हती. फार मोठी गोष्ट आहे ही. पण या पेशी टिकाव्यात म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सतत घ्यावी लागतात, म्हणून या चाचणीसाठी साखर अचानक धोकादायकरीत्या खाली जाणारे रुग्णच निवडले गेले.

प्रतिकारशक्ती न दाबता तिला आवर घालता येईल का, हा प्रश्न २०२५ च्या वैद्यकातल्या नोबेलशी जोडलेला आहे. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये प्रतिकारयंत्रणेच्या इतर पेशींना रोखणाऱ्या नियामक टी पेशी दाखवल्या. मेरी ब्रंकाउ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये फॉक्स-पी-३ हे जनुक शोधलं, ज्याच्या बिघाडानं लहान मुलांत अनेक अवयवांवर एकाच वेळी हल्ला होतो. या पेशी वाढवून टाइप-१ मधुमेह, संधिवात आणि अवयव प्रत्यारोपणात वापरायच्या चाचण्या चालू आहेत. तुमच्या मुलाची इन्सुलिनची सुई मात्र आज एक वेळही चुकवू नका.

एकादशी, नवरात्राचे उपवास केले की ऑटोफॅजी होऊन पेशी साफ होतात म्हणे?

ऑटोफॅजी खरी आहे. पेशी आपलेच जुने, बिघडलेले भाग पटलाच्या वेष्टनात गुंडाळते, लयकारिकेत (लायसोसोम, पेशीतली मोडतोड करणारी पिशवी) नेते आणि मोडून त्यातला माल पुन्हा वापरते. लयकारिका क्रिस्तियाँ द द्यूव यांनी १९५५ मध्ये शोधली. ऑटोफॅजीची जनुकं योशिनोरी ओसुमी यांनी नव्वदच्या दशकात साध्या यीस्टमध्ये शोधली आणि २०१६ चं नोबेल त्यांना एकट्यांना मिळालं. उपासमारीत यीस्ट आणि उंदरांच्या पेशींत ही क्रिया वाढते, हेही पक्कं आहे.

पुढची उडी मात्र घाईची आहे. माणसात किती तासांच्या उपवासानं, कोणत्या अवयवात, किती ऑटोफॅजी वाढते हे मोजण्याची सोपी रक्ततपासणी नाही, त्यामुळे '१६ तासांनी पेशी साफ' असे मोबाइलवर फिरणारे आकडे मानू नका. त्यात आपला उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, रताळ्याच्या फोडी आणि दुधाचा चहा! इन्सुलिन वाढलं की ऑटोफॅजीला लगाम बसतो. अंबाबाईचे नऊ दिवस श्रद्धेनं करा, त्याचा मान वेगळा आहे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपवासाआधी डोस विचारून घ्या. दर नवरात्रात साखर खाली जाऊन चक्कर येणारे लोक मी पाहते.

उसात तणनाशक मारून पार्किन्सन होतो का?

करवीर, कागल, शिरोळकडचे शेतकरी हा प्रश्न फार काळजीनं विचारतात, म्हणून सविस्तर सांगते.

पार्किन्सनमध्ये मेंदूच्या मध्यभागातल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या पट्ट्यातल्या डोपामीन बनवणाऱ्या पेशी मरतात. या पेशींना ऊर्जा फार लागते, म्हणून त्यांची सगळी भिस्त तंतुकणिकांवर, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियावर. याचा पहिला धागा १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात सापडला. तिथल्या काही तरुण व्यसनी मुलांचं शरीर अचानक लाकडासारखं ताठ झालं. त्यांनी टोचून घेतलेल्या घरगुती बनावटीच्या नशेत एमपीटीपी नावाचं रसायन मिसळलं गेलं होतं. शरीरात त्याचं रूपांतर होऊन तयार होणारा पदार्थ नेमका डोपामीनच्या पेशींत शिरतो आणि तंतुकणिकेतली ऊर्जा बनवणारी पहिलीच पायरी बंद पाडतो. पुढे रोटेनोन हे कीटकनाशकही तीच पायरी अडवतं आणि उंदीरवर्गीय प्राण्यांत पार्किन्सनसारखी लक्षणं आणतं, असं दिसलं.

पॅराक्वाट या तणनाशकाची रासायनिक रचना एमपीटीपीपासून तयार होणाऱ्या त्या पदार्थाशी मिळतीजुळती आहे. ते पेशीत पुन:पुन्हा इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देतं आणि पेशी जाळणारी रसायनं तयार होतात. शेतकऱ्यांमधल्या अनेक अभ्यासांत पॅराक्वाटचा संपर्क आणि पार्किन्सन यांचं नातं दिसलं आहे, आणि युरोपीय संघात २००७ पासून ते बंद आहे. एखाद्या माणसाला याच कारणानं आजार झाला, असं बोट दाखवून सांगता येत नाही. वय आणि जनुकं यांचाही वाटा असतोच.

आता संशोधन कुठे आलंय ते पाहा. पेशीकडे बिघडलेल्या तंतुकणिका उचलण्याची सोय आहे. पिंक-१ नावाचं प्रथिन निरोगी तंतुकणिकेत आत ओढून मोडलं जातं. तंतुकणिका बिघडली की ते तिच्या पृष्ठावर साचतं आणि पार्किन या दुसऱ्या प्रथिनाला बोलावतं. पार्किन खूण करतं आणि ती तंतुकणिका ऑटोफॅजीकडे जाते. पिंक-१ किंवा पार्किनचं जनुक दोन्ही बाजूंनी बिघडलं तर ऐन तारुण्यात किंवा चाळिशीच्या आसपास पार्किन्सन होऊ शकतो. मार्च २०२५ मध्ये मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी बिघडलेल्या तंतुकणिकेवर बसलेल्या पिंक-१ ची प्रत्यक्ष रचना दाखवली. औषधाचा रेणू कुठे बसवायचा हे आता डोळ्यांनी बघता येतं. त्याच वर्षी क्योटो विद्यापीठानं प्रयोगशाळेत बनवलेल्या डोपामीन पेशी ७ रुग्णांच्या मेंदूत घातल्याचा अहवाल दिला. गंभीर अपाय न होता पेशी टिकल्या आणि काही रुग्णांच्या हालचाली सुधारल्या.

शेतात काय करायचं? पाठीवरचा पंप गळत असेल तर त्या दिवशी फवारणी करू नका. तो गळून सदरा पाठीला चिकटलेला असतो आणि माणूस तसाच दोन एकर मारत राहतो, हे मी बांधावरून पाहिलेलं आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, वाऱ्याची दिशा बघून फवारणी आणि घरी आल्या आल्या साबणानं अंघोळ. पॅराक्वाट थंड पेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. त्याला उतारा नाही. फुप्फुसाच्या पेशी ते स्वतःहून आत ओढून घेतात आणि नंतर फुप्फुस घट्ट होत जातं. एक घोट जरी गेला तरी 'बघू उद्या' म्हणायचं नाही, त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

आज्जी पन्नास वर्षं मिश्री लावते, तिला काही झालं नाही. मग आम्हालाच का सांगता?

तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटून डबीत भरायची आणि सकाळी उठल्या उठल्या बोटानं हिरड्यांवर घासायची. निपाणी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तंबाखू आपल्याला परकी वाटतच नाही. आणि बाई मिश्री 'खात' नाही, 'लावते', म्हणून ती व्यसनात धरत नाहीत. गालाच्या आतल्या पेशींना हा फरक समजत नाही.

तंबाखूत नायट्रोसामाइन गटाची कर्करोगजनक रसायनं असतात आणि भाजताना जळण्यातून आणखी काही तयार होतात. पेशीतली विकरं या रसायनांवर काम करतात तेव्हा मधल्या टप्प्यावर ती डीएनएला चिकटतात. दुरुस्ती व्हायच्या आत पेशीनं विभाजन केलं तर चुकीची प्रत पुढे जाते. अशा वेळी पी-५३ हे प्रथिन विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं आणि दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावतं. पण तंबाखू रोज हिरडीवर बसत असेल तर एक ना एक दिवस पी-५३ चं जनुकच बिघडतं. भारतातल्या हिरडी आणि गालाच्या कर्करोगाची जनुकं पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या आणि खारघरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी मिळून वाचली. २०१३ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात पी-५३ च्या जोडीला पेशीला मरण देणाऱ्या कॅस्पेज-८ च्या जनुकातही बिघाड सापडले. म्हणजे थांबवणारी आणि मारणारी, दोन्ही व्यवस्था निकामी.

नांदणीच्या माधुरी हत्तिणीवर जीव लावणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हे ऐकायला आवडेल: माणसाच्या एका जनुकसंचात पी-५३ ची एक प्रत असते, हत्तीकडे सुमारे २०. एवढ्या प्रचंड शरीरात कर्करोग कमी का, याचं ते एक कारण मानलं जातं. आपल्याला ती सोय नाही.

आज्जीला काही झालं नाही, कारण हे बिघाड योगायोगानं साचत जातात. कुणात चाळिशीत पुरे होतात, कुणात ऐंशीपर्यंत होत नाहीत. तुमचं काय होणार हे आज्जीकडे बघून कळत नाही. तंबाखूला चुना लावला की निकोटीन जास्त शोषलं जातं, म्हणून सवय आणखी घट्ट होते. सुपारीनं तोंडाच्या अस्तराखाली कोलॅजनचे तंतू साचतात आणि तोंड उघडेनासं होतं. आरशासमोर उभं राहून स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा. पांढरा चट्टा, त्याहून धोक्याचा लाल चट्टा, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर दंतवैद्याकडे जा, दुखत नसलं तरी. सुरुवातीला हा कर्करोग दुखतच नाही.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग विषाणूनं होतो, मग लस सगळ्याच मुलींना का?

कारण विषाणू गाठायचा तो पेशीत शिरायच्या आधी. एचपीव्ही या विषाणूला स्वतःच्या प्रती काढायला विभाजन करणारी पेशी लागते. त्याचं ई-६ प्रथिन आपलं पी-५३ मोडून टाकायला लावतं आणि ई-७ हे विभाजनाला आवर घालणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला निकामी करतं. बहुतेक बायकांत शरीर हा विषाणू दोनेक वर्षांत घालवून देतं. ज्यांच्यात तो ठाण मांडतो त्यांच्यात कर्करोग व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात, आणि तेवढा वेळ आपल्या हातात असतो. या विषाणूचं नातं दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस २०२२ मध्ये मंजूर झाली. ९ ते १४ वयात दोन डोस पुरतात. लस मुलांनाही देता येते. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही बायकांनी तिशीनंतर तपासणी करावी. आयांनो, 'माझी मुलगी तसली नाही' हे वाक्य इथे आणू नका. प्रश्न चारित्र्याचा नाही.

सांगलीच्या हळदीनं कॅन्सरच्या पेशी मरतात असं पेपरात आलं होतं. मग केमो कशाला?

बशीतल्या पेशी मारणं सोपं आहे. ब्लीचनंही मरतात. प्रयोगशाळेतल्या पहिल्या अमर मानवी पेशी १९५१ मध्ये बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिची परवानगी न घेता वाढवल्या गेल्या. त्या हेला पेशी आजही जगभर वापरल्या जातात, आणि त्यांच्यात एचपीव्ही-१८ अजून काम करतोय. अशा पेशींवर एखादं रसायन चाललं की बातमी होते. पुढे उंदीर, मग थोडी माणसं, मग जास्त माणसं, या प्रत्येक पायरीवर बहुतेक रसायनं गळतात. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फार कमी शोषलं जातं, लवकर मोडतं आणि प्रयोगशाळेच्या कित्येक चाचण्यांत खोटा परिणाम दाखवतं. भाजीत हळद घाला. कर्करोगावर हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना न सांगता घेऊ नका, काही औषधांच्या कामात त्या अडथळा आणू शकतात. बातमी वाचताना एकच बघा: हे पेशीत झालं, उंदरात झालं की माणसात?

कार-टी म्हणजे काय, आणि आपल्या माणसाला तो उपचार मिळेल का?

रुग्णाच्याच टी पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या पांढऱ्या पेशी, रक्तातून काढतात. कर्करोगाच्या बी पेशींवरचं सीडी-१९ हे प्रथिन ओळखेल असा ग्राही (रिसेप्टर) बनवणारं जनुक त्यांच्यात घालतात, पेशी वाढवतात आणि शिरेतून परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून घडलेला नेक्सकार-१९ हा उपचार ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाला. अमेरिकेतल्या अशा उपचाराच्या सुमारे एक दशांश खर्चात तो होतो, तरी हिशेब लाखांतच जातो. महाराष्ट्रात हे घडलं याचा मला फार अभिमान आहे.

तो आहे ठरावीक बी-पेशींच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी, इतर उपचार थकल्यावर. तोंडाच्या किंवा स्तनाच्या गाठीवर तो चालत नाही, कारण घट्ट गाठीत टी पेशी शिरत नाहीत, शिरल्या तर थकतात, आणि फक्त गाठीवर असेल असं सीडी-१९ सारखं लक्ष्यही तिथे मिळत नाही. त्यामुळे तोंडाच्या कर्करोगासाठी कुणी कार-टीच्या नावावर पैसे मागत असेल तर आधी टाटाच्या डॉक्टरांचं मत घ्या.

गुडघ्यात किंवा ऑटिझमसाठी स्टेम सेल घालतात, घालू का?

नको. रक्ताच्या आजारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा सिद्ध झालेला उपचार आहे. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार इतर मूलपेशी उपचार मंजूर वैद्यकीय चाचणीतच करता येतात, आणि मंजूर चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. ऑटिझम असलेल्या लेकरासाठी सोनं गहाण टाकून आलेली आई समोर बसली की माझा जीव तुटतो. तिला मी सांगते, ताई, तेच पैसे स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीला लावा.

वडिलांच्या किडनीत पाण्याच्या गाठी आहेत. मलाही होणार का?

पॉलिसिस्टिक किडनी असेल तर शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. मूत्रपिंडाच्या नळीतल्या पेशीवर एक सूक्ष्म, केसासारखी पक्ष्माभिका असते. पॉलिसिस्टिन-१ आणि २ ही प्रथिनं तिच्यावर बसून काम करतात. ती बिघडली की पेशी वाढत राहतात आणि पाण्यानं भरलेल्या गाठी होतात. सोनोग्राफी करून घ्या आणि रक्तदाब आटोक्यात ठेवा, तेच किडनी सगळ्यात जास्त वाचवतं. टोलव्हॅप्टन हे औषध निवडक रुग्णांत गाठींची वाढ मंदावतं.

आईकडूनच येणारे आजार असतात, ते सुनेमुळे घरात येतात का?

तंतुकणिकांना स्वतःचा थोडा डीएनए असतो आणि तो आईच्या बीजांडातून येतो, इतकं खरं. पण लहान मुलांतले तंतुकणिकांचे बरेच आजार केंद्रकातल्या जनुकांमुळे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आलेले असतात. दोष कुणाचाच नसतो. ब्रिटननं २०१५ मध्ये कायदा करून दुसऱ्या स्त्रीच्या निरोगी तंतुकणिका वापरायला परवानगी दिली, आणि न्यूकॅसलमध्ये या पद्धतीनं ८ बाळं जन्मल्याचा अहवाल जुलै २०२५ मध्ये आला.

लग्नाआधी थॅलेसेमियाची तपासणी करा म्हणतात. आता जीन एडिटिंग आलंय, मग गरज काय?

गरज आजही तेवढीच आहे. बीटा थॅलेसेमियात हिमोग्लोबिनच्या दोन प्रकारच्या साखळ्यांपैकी बीटा साखळी कमी बनते. जोडीदाराविना उरलेल्या अल्फा साखळ्यांचे गोळे होतात आणि तांबडी पेशी मज्जेतच मरते. बाळाला सहा महिन्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्या रक्तातलं लोह पुढे हृदयात आणि यकृतात साचतं.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटननं कॅस्जेव्ही हा क्रिस्पर (जनुक नेमकं कापण्याचं तंत्र) वापरणारा उपचार मंजूर केला. रुग्णाच्या मूलपेशी बाहेर काढून त्यांच्यातल्या बीसीएल-११-ए या जनुकाचा नियंत्रक कापतात. गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद करणारं हेच ते जनुक. ते ढिलं पडलं की जुनं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं. कल्पना अतिशय देखणी आहे. पण आधी जोरदार केमो देऊन मज्जा रिकामी करावी लागते, आणि अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली आहे.

त्यापुढे तपासणीचा खर्च काहीच नाही. वाहक, म्हणजे जनुकाची एकच बिघडलेली प्रत असलेला माणूस, ठणठणीत असतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही. सिंधी समाजात वाहकांचं प्रमाण जास्त असल्यानं गांधीनगरच्या कुटुंबांनी तर जरूर करावी, पण वाहक सगळ्याच समाजांत सापडतात. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के. रिपोर्टवर एचबीए-टू या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचा आकडा साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर जोडीदाराचं रक्त त्याच आठवड्यात तपासायला द्या. दिवस गेलेले असतील तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा, म्हणजे अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेच्या नमुन्यावरून बाळाची तपासणी करता येते.